जुनी कार्यप्रणाली कीं नवी?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनें आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नेहमींचा सांभाळ थांबविला. कार्यप्रणाली म्हणजे व्यवहारांत आपण जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों ती. किल्लीवर बोट पडतांच पडद्यावर अक्षर उमटविणारी, कोणती फाइल कोठें ठेवली याची नोंद राखणारी, छापणाऱ्या यंत्राला हुकूम देणारी अशी ती संगणकाच्या घरची कारभारीण होय. ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या एकाच लोकलगाडीनें जोडलेल्या तीन गांवांत पुष्कळ घरांतून एकच प्रश्न विचारला जाऊं लागला: आतां हा संगणक टाकून द्यावयाचा काय? शिक्षक निवृत्त झाला तरी त्याला प्रश्न विचारण्याचें लोक सोडीत नाहींत. त्यामुळें हा प्रश्न माझ्याकडेहि अनेकदां आला.

प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्यांत संवयीचा भाग आहे, पैशाचा आहे, सुरक्षिततेचा आहे. आणि ज्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं असा एक भाग मराठी अक्षरांचा आहे. माझ्या मतें तोच सर्वांत मोठा आहे.

प्रथम संवयीविषयीं. वडील माणसांना नवें नको असतें, हा तरुणांचा एक आवडता आरोप आहे. तो मला मान्य नाहीं. आमच्या पिढींतील कित्येक शिक्षकांनीं आणि कारकुनांनीं चाळिशी उलटल्यावर एमएस-सीआयटीची परीक्षा दिली आहे. हातांतला माउस टेबलाच्या कडेवरून खालीं लोंबत असे आणि शेजारच्या खुर्चींवर बसलेलीं आमचींच मुलें तोंड फिरवून हंसत असत. तरी आम्ही शिकलों. नव्याची भीति असती तर हें घडलें नसतें. आमची तक्रार निराळी आहे. २०१२ सालीं आलेल्या ‘विंडोज ८’ मध्यें डाव्या कोपऱ्यांतलें ‘स्टार्ट’ बटन कंपनीनें काढून टाकलें. जगभर ओरड झाली आणि पुढच्याच वर्षीं ८.१ या आवृत्तींत तें बटन परत आलें. २०२१ च्या ‘विंडोज ११’ मध्यें तें कोपरा सोडून मध्याकडे सरकलें. घरांतली मिठाची बरणी दर कांहीं वर्षांनीं दुसऱ्या फळीवर नेऊन ठेवणाऱ्या माणसाला आपण सुधारक म्हणणार नाहीं. बदल झाला म्हणजे सुधारणा झाली असें समजण्याचें कारण नाहीं, आणि हें खुद्द कंपनीलाहि एकदां मान्य करावें लागलें आहे.

पैशाची बाजू याहून कठोर आहे. ‘विंडोज ११’ ही कार्यप्रणाली वाटेल त्या यंत्रावर बसत नाहीं. तिला टीपीएम २.० नांवाचा, गुप्त किल्ल्या सांभाळणारा घटक लागतो. आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे साधारण २०१७ च्या अखेरीपासूनचा, असावा लागतो. २०१६ सालीं हप्त्यानें घेतलेला, अजून धडधाकट चालणारा संगणक अशा रीतीनें बाद ठरतो. यंत्र मेलें नाहीं. कारभारीण यावयास तयार नाहीं एवढेंच. कंपनीनें घरगुती ग्राहकांना सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊं केल्या. त्यासाठीं थोडें शुल्क भरावें, किंवा आपल्या मांडणीची प्रत कंपनीच्या साठ्यांत ठेवावी, अशा अटी होत्या. पण एका वर्षाची मुदत म्हणजे निर्णय नव्हे.

मग जुन्यालाच चिकटून राहिलें तर काय बिघडलें? येथें मात्र मला जुन्याच्या अभिमान्यांना दोन शब्द स्पष्ट सांगावे लागतील. कार्यप्रणालींत लक्षावधि ओळींचे हुकूम असतात आणि त्यांत छिद्रें राहतात. छिद्र सांपडलें कीं कंपनी ठिगळ वाटते. परंतु ठिगळ कोठें लावलें हें पाहून छिद्र कोठें होतें हें चोरालाहि कळतें. ज्याला ठिगळ मिळत नाहीं, किंवा मिळूनहि ज्यानें लावलें नाहीं, त्याचें घर नकाशासह चोराच्या हातीं जातें. १४ मार्च २०१७ रोजीं अशा एका छिद्राची दुरुस्ती वाटली गेली. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा, फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम त्याच छिद्रांतून जगभर पसरला. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीं तयार होती! ज्या ‘एक्सपी’चा सांभाळ ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तिच्यासाठींहि कंपनीला अपवाद म्हणून ठिगळ काढावें लागलें, पण अपवादावर कोणीं संसार मांडूं नये.

हें सारें परदेशांतलें, असें वाटत असेल तर आपल्या उरणच्या बाजूला पाहावें. २७ जून २०१७ रोजीं तशाच दुसऱ्या एका हल्ल्यांत मर्स्क या जहाज-कंपनीचीं यंत्रें जगभर बंद पडलीं आणि त्या समूहाच्या ताब्यांतील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्यावरील काम विस्कळीत झालें. या हल्ल्याची कथा जरा विलक्षण आहे. तो प्रथम पसरला तो युक्रेनमधील हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीबरोबर. म्हणजे विष औषधाच्या बाटलींतूनच आलें. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षिततेचें काम करणाऱ्या कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळें सुमारें ८५ लाख विंडोज-संगणक ठप्प झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्या दिवशीं ज्या तरुण कर्मचाऱ्यांचें अक्षर चांगलें होतें त्यांची किंमत वाढली असेल, असें मला एक शिक्षक म्हणून उगाच वाटून गेलें.

तात्पर्य इतकेंच निघतें कीं सुरक्षिततेचीं लहान ठिगळें वेळच्या वेळीं घ्यावींत; पण सबंध नवी कार्यप्रणाली बाजारांत आली म्हणून पहिल्याच दिवशीं घरांत आणण्याची घाई करूं नये. आतां मला अधिक महत्त्वाच्या विषयाकडे वळूं द्या.

बदलापूर या नांवाविषयीं एक लोकसमजूत आहे. जुन्या काळीं या वाटेनें जाणारे स्वार येथें थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून गांवाला हें नांव पडलें, असें म्हणतात. समजुतीचा खरेखोटेपणा इतिहासकारांनीं ठरवावा. मला त्यांतला व्यवहार आवडतो. घोडा बदलला तरी स्वाराच्या कमरेचा खलिता तोच राहावयाचा. संगणकाच्या बाबतींत मात्र आपण घोडा बदलतांना खलिता मागल्याच घोड्याच्या पाठीवर विसरून जातों.

हें कसें होतें तें सांगतों. १९९० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मराठींत जें टंकलेखन झालें, त्यांतील फार मोठा भाग श्रीलिपि, आकृति, कृतिदेव अशा टंकांत, म्हणजे फाँटांत, झाला. या टंकांत एक युक्ति होती. संगणकाला इंग्रजी अक्षरें ठाऊक होतीं, देवनागरी नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षराच्या जागीं देवनागरीचें चित्र बसविण्यांत आलें. कृतिदेवांत ‘डी’ या अक्षराच्या जागीं ‘क’ बसला आहे. पडद्यावर ‘क’ दिसतो, कागदावर ‘क’ छापला जातो. पण फाइलीच्या पोटांत ‘डी’च असतो. नव्या यंत्रावर तो टंक नसला कीं मुखवटा गळतो आणि सबंध मराठी पानाच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चिवडा दिसतो. त्यांतून प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा! एकीचें लिहिलें दुसरीला वाचतां येत नसे.

यावर उपाय झाला तो युनिकोडचा. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पद्धतींत जगांतील लिपींच्या अक्षरांना कायमचे क्रमांक दिले आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५. यंत्र कोणतेंहि असो, कार्यप्रणाली कोणतीहि असो, २३२५ म्हणजे ‘क’च. जुन्या विंडोज ९८ ला ही विद्या पुरतेपणीं येत नव्हती. एक्सपीला येत होती, पण ती मुद्दाम जागी करावी लागे. पुढच्या सर्व आवृत्त्यांत ती उपजतच आहे. नव्या कार्यप्रणालीचा मराठी माणसाला झालेला खरा लाभ कोणता, असें मला कोणीं विचारलें तर मी हाच सांगेन. नव्या टंकांतील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ही पुष्कळांची तक्रार खरी होती. पण मराठी वळणाचे टंकहि आतां उपलब्ध आहेत.

लिपि बदलली म्हणजे काय होतें हें महाराष्ट्राला नवें नाहीं. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहिली जात होती. तिच्या जागीं बाळबोध आली हें सोयीचेंच झालें. पण घरोघरच्या पेट्यांतील मोडी कागद कोणीं उतरून ठेवले नाहींत. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचें काम निघालें तेव्हां सरकारला मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. उल्हासनगरांतहि हीच गोष्ट दुसऱ्या वेषांत दिसते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी वडील मंडळींचीं पत्रें अरबी वळणाच्या लिपींत आहेत. नातवंडें देवनागरी किंवा रोमन जाणतात. आजोबांचें पत्र घरांतल्या घरांत परकें होऊन बसतें. अंबरनाथच्या शिवमंदिरावरचा शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, लेख दगडांत कोरलेला असूनहि तो वाचावयास तज्ज्ञ लागतो. मोडी मागें पडून वाचेनाशी व्हावयास दोन-तीन पिढ्या लागल्या. आपल्या संगणकावरील मराठीला वीस वर्षें पुरलीं.

बदलापूरचे माझे एक स्नेही आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढें. वडिलांनीं कोंकणांतून येऊन येथें बिऱ्हाड कसें मांडलें, याची हकीकत त्यांनीं निवृत्तीनंतर एक्सपीच्या संगणकावर टंकून काढली. पानें तीनशेंच्या वर. परदेशीं असलेल्या मुलाला त्यांनीं ती मोठ्या हौसेनें पाठविली. मुलानें कळविलें, “बाबा, फाइल उघडते, पण वाचतां येत नाहीं.” याच सुमारास घरांतल्या सर्वांनीं जुना संगणक भंगारांत देण्याचें ठरविलें होतें. तो गेला असता तर ती तीनशें पानें कायमचींच मुकीं झालीं असतीं. सुदैवानें त्यावर तो टंक अजून होता. जुन्या टंकाचें युनिकोड करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यांतून मजकूर काढला. परंतु अशा रूपांतरांत ऱ्हस्व इकार जागा सोडतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘ष’ गडप होतो. म्हणून त्यांच्याकडे बसून आम्ही ओळन् ओळ ताडून पाहिली. जुन्या पडद्यावरून ते वाचीत, नव्यावर मी दुरुस्त करीं. सबंध पावसाळा त्यांत गेला. मध्येंच ते थांबत आणि जें टंकलें नव्हतें तें सांगत. तेंहि मीं त्यांच्या अनुमतीनें खालीं टीप म्हणून घातलें.

तेव्हां ज्यांनीं मला विचारलें त्यांना मी हें सांगतों. आपला संगणक नवी कार्यप्रणाली घेऊं शकत असेल तर ती घ्या; बँकेचें काम, वीजबिल, मुलांचे परीक्षेचे अर्ज हें सांभाळ चालू असलेल्या यंत्रावरच करा. यंत्र धडधाकट असून नवी विंडोज त्याला नाकारीत असेल तर लिनक्सचा विचार करा. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिचा आरंभ केला. ती फुकट मिळते, तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर चालतात, तिच्यांत युनिकोड मराठी उत्तम उमटतें, आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुलें याच जातीच्या कार्यप्रणालीवर शिकतात. अडचण एवढीच कीं विंडोजसाठीं विकत घेतलेले हिशेबाचे किंवा छपाईचे कांहीं प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहींत; ते आधीं तपासून घ्यावे. उल्हासनगरच्या बाजारांत जुनें यंत्र उघडून त्यांत स्मृति वाढवून देणारे, फिरत्या तबकडीच्या जागीं नवी एसएसडी बसविणारे कारागीर आहेत. नवा संगणक घेण्यापूर्वीं त्यांच्याकडे एक फेरी घालण्यास हरकत नाहीं.

आणि ज्याच्या जुन्या यंत्रावर जुन्या टंकांतलें मराठी पडलें आहे, त्यानें त्याची इंटरनेटची जोडणी आज काढावी आणि यंत्र मात्र ठेवावें. सोसायटीचीं इतिवृत्तें, शाळेचे स्मरणिकांचे मजकूर, कोणाच्या कविता, कोणाचीं मृत्युपत्रें असें बरेंच कांहीं त्या पेट्यांतून असतें. तें युनिकोडांत उतरवून, ताडून, दोन निराळ्या ठिकाणीं प्रती ठेवाव्यात. एक शक्य तर गांवाबाहेर. २००५ च्या जुलैचें उल्हास नदीचें पाणी ज्यांच्या तळमजल्यांत शिरलें होतें त्यांना याचें कारण सांगावें लागणार नाहीं. माझ्या स्नेह्यांचा जुना संगणक अद्याप त्यांच्या खोलींत आहे. वडिलांच्या हकीकतीनंतर आतां आईच्या पत्रांची पाळी आहे, आणि तीं साधारण दीडशें भरतील असा त्यांचा अंदाज आहे.