ठरलेली शिक्षा आणि अंगझडती
(आगाशी येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



किलोपेक्षा जास्त चरस बाळगल्याचं सिद्ध झालं, तर न्यायाधीशाला वाटो न वाटो, किमान 10 वर्षं कैद. ऐकायला बरोबर वाटतं, सगळ्यांना सारखीच शिक्षा. पण मग खरा निकाल पंचनाम्यातच लागतो. ज्या मोहल्ल्यात झडत्या जास्त, तिथलीच पोरं आत.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅक आणि 500 ग्रॅम कोकेन पावडर, दोन्हींना किमान 5 वर्षंच. क्रॅकखाली अडकले ते बहुतेक काळे.

आपल्याकडे अमली पदार्थांच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठीची सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवली. किमान शिक्षा मात्र कायम आहे.

म्हणून सांगतो, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच घ्या, असं म्हणा. कलम 50 आहे ते, मेहेरबानी नव्हे.