दोन जावा आणि त्यांची गाणी

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या दोन जावांची गोष्ट सांगणार आहोत.

थोरली सारा, धाकटी मेबेल. आडनाव कार्टर. दोघी नात्याने बहिणीही होत्या. व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ भागात त्यांचं घर. साराचा नवरा ए. पी. कार्टर. गाण्याचा फार नाद. तिघं मिळून घरी आणि चर्चमध्ये गायचे.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीचे राल्फ पीअर ब्रिस्टल गावात गायक शोधायला आले. हे तिघं मोटारीने तिथे गेले. साराचं तान्हं बाळ सोबत. मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर, दिवस भरत आलेले. तशा अवस्थेत तिने गिटार वाजवली. दोन दिवसांत सहा गाणी रेकॉर्ड झाली. या तबकड्या पुढे खूप खपल्या आणि कार्टर फॅमिलीचं नाव देशभर झालं.

ही जुनी रेकॉर्डिंग राउंडर नावाच्या कंपनीने १९९३ पासून सीडीवर पुन्हा काढली, सालाच्या क्रमाने. ती ओळीने ऐकली की एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक गाण्यांत मुख्य आवाज साराचा आहे. भरदार, सरळ, कुठेही नखरा नाही. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटांनी ठेकाही धरते. एकटीची गिटार, पण दोघी वाजवताहेत असं वाटतं. ही पद्धत पुढे कितीतरी वादक शिकले. ए. पी. मात्र मधूनच आवाज मिसळतो. काही गाण्यांत तर तो नाहीच.

आणि गाण्यांखाली नाव कुणाचं? बहुतेक ठिकाणी ए. पी. कार्टर!

त्याने कष्ट केले, हे खरं. गावोगाव फिरून त्याने जुनी गाणी गोळा केली, त्यांना नीट रूप दिलं. पण या फिरतीत त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, चाल रिडल लक्षात ठेवायचा. त्याचं नाव त्या तबकड्यांवर आलं नाही. ज्या घरांतून गाणी मिळाली, तिथल्या माणसांची नावंही आली नाहीत.

मैत्रिणींनो, नाव ही फक्त मानाची गोष्ट नाही. तबकडी विकली की गाण्याच्या हक्काचे पैसे ज्याचं नाव नोंदलेलं असेल त्याला मिळतात.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं आहे. काम असं हवं.

आपल्या गटातही आता मोबाइलवर गाणी रेकॉर्ड होतात. तेव्हा गाणं सुरू करण्याआधी चार गोष्टी बोलायच्या: गाणारीचं नाव, गाव, तारीख, आणि हे गाणं कुणाकडून आलं. आईकडून, आजीकडून, शेजारच्या काकूंकडून, जिच्याकडून आलं तिचं नाव घ्यायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

येत्या बैठकीत एक तरी गाणं असं रेकॉर्ड करा आणि आमच्याकडे पाठवा. नावासकट आम्ही ते ऐकवू.