श्वास पाहणारी माणसे



मी मराठीचा प्राध्यापक. औषधशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपल्या या हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मची कसून परीक्षा झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा आग्रह एकच : भूल देताना नाडी नव्हे, श्वास पाहा. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने १,००० पौंड दिले आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना धाडले. ते शंका घेऊन आले, लॉरींच्या मताचे होऊन परतले. शेकडो मुक्या जनावरांनी त्याची किंमत मोजली, हेही सांगायला हवे. त्या कामात येथलीच विद्यार्थिनी रूपाबाई फरदुनजी होती.

क्लोरोफॉर्मने हृदय आधी थांबत नाही, हा आयोगाचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. हलक्या भुलीतही ते अकस्मात बंद पडू शकते, असे लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखविले. हा दोष झाकून गौरव करणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ बाई मला म्हणाल्या, “काळजी करू नका सर, मी सारा वेळ त्यांचा श्वास पाहत बसेन.” तेव्हा मला रूपाबाई आठवल्या.