हातभर तारेची गोष्ट



या व्यासपीठावरून आपण राज्यकारभार, इतिहास, साहित्य अशा मोठमोठ्या विषयांवरील व्याख्याने ऐकता. आज आम्ही आपल्यापुढे हातभर लांबीची एक तार घेऊन उभे आहोत. एवढ्याशा वस्तूसाठी संध्याकाळ खर्ची घालावी काय, असे कोणाच्या मनात आले तर त्यात त्यांचा दोष नाही. एके काळी आम्हालाही तसेच वाटत असे.

हौशी रेडिओ चालवणारा मनुष्य सरकारी परीक्षा देतो, परवाना मिळवतो आणि मोबदला न घेता जगाशी बोलतो. हा रिकामपणाचा छंद खरा. पण २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा छंदापायीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी मंडळींनी आपल्या यंत्रांवरून खुशालीचे आणि मदतीचे निरोप पोहोचवले. छंदाला कर्तव्याचे रूप केव्हा येईल, हे आधी सांगता येत नाही.

अशा केंद्रात यंत्र, मापक, जुळवणीची पेटी आणि एरियल यांना जोडणारी असते ती कोअ‍ॅक्सियल केबल. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथीनचे जाड वेष्टण, त्यावर बारीक तारांची वीण आणि सर्वांवर रबरासारखी साल. ऑलिव्हर हेविसाइड यांनी या रचनेचे पेटंट १८८० साली इंग्लंडात घेतले. शक्ती वाहते ती मधली तार आणि वीण यांच्या दरम्यान. म्हणून ती वाटेत सांडत नाही आणि बाहेरचा गोंगाटही सहसा आत शिरत नाही.

आता अर्ध्या मीटरच्या केबलीत शक्ती वाया किती जाते? आरजी-५८ जातीच्या केबलीत १४ मेगाहर्ट्झवर ती एक टक्काही जात नाही. मग बिघडते कोठे? बिघडते ते टोकाशी, सांध्याशी.

आमचीच फजिती सांगतो. एका पावसाळ्यात पुराचे निरोप पुढे देण्याची पाळी आमच्यावर आली. बोलायला लागावे तो यंत्राने शक्ती आखडती घेतली. आम्ही भर पावसात गच्चीवर चढून एरियल तपासले, खाली येऊन यंत्राला दोष दिला. तोवर निरोप दुसऱ्या एका केंद्राने उचलला होता. दोष सापडला तो मेजावरच, आम्ही घाईने केलेल्या हातभर केबलीत! विणीला डाख नुसता चिकटला होता, आत मुरला नव्हता.

तेव्हापासून आम्ही पुढील क्रम सोडत नाही. प्रथम प्लगची आटे असलेली कडी आणि मग केबल बारीक असल्याने लागणारी अडॅप्टरची नळी तारेवर चढवावी. कडी विसरून डाख दिला नाही असा हौशी मनुष्य आम्हाला अजून भेटायचा आहे! मग साल १९ मिलिमीटर सोलावी. विणीचा एकही धागा कापता कामा नये. वीण नळीवर उलटी पसरून १० मिलिमीटर ठेवावी. पॉलिथीन ३ मिलिमीटर राखून मधली तार उघडी करावी आणि तिला कल्हई करावी. विणीचा एखादा चुकार धागा मधल्या तारेला टेकला, तर सारे श्रम फुकट. मग प्लग नळीवर फिरवून बसवावा आणि त्याच्या भोकांतून विणीला डाख द्यावा. येथे सोल्डरिंग आयर्न जाड टोकाचे हवे. बारीक आयर्नने प्लग तापेपर्यंत आतले पॉलिथीन वितळते आणि मधली तार जागा सोडते. शेवटी टोकाला डाख देऊन कडी फिरवावी.

एवढ्याने काम संपत नाही. मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत जोड पाहावी. मधली तार आणि वीण यांत जोड नाही ना, तेही पाहावे. हे पाहताना केबल हलवावी. परंतु मल्टिमीटरचा प्रवाह अगदी क्षीण, आणि ५० ओहमच्या केबलीत १०० वॉट सोडले की प्रवाह सुमारे १.४ अँपिअर आणि दाब सुमारे ७१ व्होल्ट असतो. क्षीण प्रवाहाला पास झालेला सांधा येथे नापास होऊ शकतो. म्हणून शेवटची परीक्षा ५० ओहमच्या कृत्रिम भारावर, पूर्ण शक्तीने घ्यावी. स्टँडिंग वेव्ह मापकाचा काटा एकाच्या जवळ स्थिर राहिला म्हणजे केबल उत्तीर्ण.

बाजारात तयार केबली मिळतात, त्या वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. पण स्वतः केलेल्या सांध्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी कोणाची वाटही पाहावी लागत नाही. त्या रात्री आमचा निरोप दुसऱ्याने पोहोचवला, हे आमचे नशीब. दर वेळी दुसरा कोणी जागा असेलच असे नाही. न दिसणारा सांधा कोणी पाहणार नाही म्हणून कच्चा ठेवायचा की कोणाचा तरी निरोप त्यातून जायचा आहे म्हणून पक्का करायचा, एवढाच प्रश्न आहे; आणि तो केवळ रेडिओवाल्यांचा आहे, असे आम्हाला वाटत नाही.