सीतेची गोष्ट कुठे संपवायची?
(करमाळा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या आज्यांनी जात्यावर रामायण स्वतःच्या पद्धतीने सांगितलं. त्यांच्या ओव्यांत लढाईपेक्षा सीतेचा वनवास मोठा. रानात बाळंत झालेल्या सीतेचं कोण करणार, ही त्यांची काळजी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा हजारो ओव्या जमवल्या.

मीही बैठकांत सीता सांगते. एकदा नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईला म्हटलं, "सीतेनंही सोसलंच ना!" ती म्हणाली, "ताई, तिला वाल्मीकींनी आसरा तरी दिला. मला भाऊ ओसरीवर झोपू देत नाही."

मी गप्प झाले. तेव्हापासून 'सोसलं' म्हणून गोष्ट संपवत नाही. पुढे पोटगी सांगते. पूर्वीचं कलम १२५, २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४. आणि २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मिळालेला मुलाइतका हक्क सांगते. म्हणजे ती ओसरी तिचीही असू शकते.

पोथीतली सीता धरणीच्या पोटात जाते. आपली सीता जमिनीवर राहील आणि सातबाऱ्यावर नाव लावून घेईल. बायांनो, गोष्ट तिथवर न्यायची आहे.