चाळीस रुपयांची गाडी

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा तालुक्यांत धनज हें गांव आहे. तेथील सोयाबीन बहुधा कारंज्याच्या बाजारांत जातें. जो गाडीवाला कमी भाडें मागेल तोच स्वस्त, असें शहरांत बसून पाहणाऱ्यास वाटतें. हा हिशेब अपुरा आहे.

समजा, एक मालमोटार क्विंटलास ६० रुपये घेते व ठरल्या वेळीं निश्चित येते. दुसरी ४० रुपयांतच नेते, पण दहा खेपांपैकीं दोन खेपांस दगा देते. ती न आल्यास पोतीं खळ्यावर राहतात, परतीच्या पावसांत ओल धरतात, आणि क्विंटलामागें भाव २०० रुपयांनीं उतरतो. दहा खेपांची सरासरी घेतां ह्या दोन दग्यांचा भार प्रत्येक क्विंटलावर ४० रुपये पडतो. म्हणजे चाळिसाची गाडी वस्तुतः ऐंशींची झाली. तेंच नुकसान १०० रुपयांहून कमी असतें, तर मात्र ती किफायतशीर ठरली असती. तेव्हां बेभरंवशाच्या साधनास सरसकट नांवें ठेवणें हाही अविचारच. माल पत्र्याखालीं कोरडा असेल तर उशीर सोसवतो.

मंदपणा ही मात्र निराळी गोष्ट. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी आगगाडी १९९४ पर्यंत वाफेच्या एंजिनावर चाले. मंद गाडीचा वेळ आधीं धरतां येतो. चुकणाऱ्या गाडीचा येत नाहीं.

कोठाराचा हिशेब अधिक फसवा. १०० किलो सोयाबीनमधील ओलावा १६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला कीं, चोरी न होतां, कीड न लागतां सुमारें साडेपंचाण्णव किलोच माल उरतो. हें न जाणणारा मालक बिचाऱ्या राखणदारावर संशय घेतो!

शिवाय सरासरी ही ज्याच्या दहा खेपा होतात त्याच्या कामाची. वीस क्विंटल हेंच ज्याचें वर्षाचें पीक, आणि कर्जाचा हप्ता ज्यास ठरल्या दिवशीं भरावयाचा, त्याची खेप एकच असते. ती चुकली तर उरलेल्या नऊ खेपांचा लाभ त्यानें कोठून आणावा? अशांसाठीं राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन गोदामांत ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांकरितां ६ टक्के व्याजानें मिळते, आणि हप्त्याचा दिवस व विक्रीचा दिवस वेगळे करतां येतात. पण गोदाम गांवापासून दूर असलें, तर तेथवर माल नेण्यास पुन्हां तीच गाडी लागते.