वडिलांच्या हातातील किल्ली

२०१६ पर्यंत गुडगाव म्हणविणारे गुरुग्राम हे रुंद रस्त्यांचे आणि वेगाचे नगर आहे. तेथे मुलाकडे राहणाऱ्या वृद्ध पित्याने गाडी चालविणे केव्हा थांबवावे, आणि हे त्याला सांगावे कोणी?

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली. पुढे तीत सवलतीही आल्या. गाडीचे वय असे मोजले गेले. चालकाच्या वयाला मात्र कायद्यात वरची मर्यादा नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते व त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. पण ५ वर्षांत दृष्टी पुष्कळ पालटू शकते. मोतीबिंदू असला की समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. तो शस्त्रक्रियेने दूर होतो, तेव्हा किल्ली परतही मिळू शकते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही, आणि ती जात असताना रुग्णास बहुधा उमगतही नाही.

म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा खुणा पाहाव्यात. ओळखीचे वळण चुकते काय? गाडीवर नवे ओरखडे दिसतात काय? मुलाने अधूनमधून वडिलांच्या शेजारी बसून प्रवास करावा. निर्णय नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीवर सोपवावा; घरातील वादावर नव्हे. आधी रात्रीचे, मग महामार्गावरचे आणि शेवटी सर्वच चालविणे सुटावे.

किल्लीबरोबर स्वातंत्र्यही जाते, हे विसरू नये. वडिलांची किल्ली ज्याने मागितली, त्याने आपल्या दिवसातील एक तास त्यांना द्यावयास हवा.